धागा तुटत नाही, कापड फाटतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शल्यचिकित्सक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सुरी येते. खरं सांगायचं तर कापायला फारसा वेळ लागत नाही. आमचं निम्मं आयुष्य शिवण्यात जातं. पोट उघडायला पाच मिनिटं पुरतात, ते नीट बंद करायला त्याच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागतो. आणि रोग्याचं पुढचं आयुष्य बऱ्याचदा या शिवणीवर अवलंबून असतं. घातलेला टाका नेमका किती ताण सोसतो, हे माणसाने कसं मोजलं, त्याची गोष्ट आज सांगणार आहे. या गोष्टीतला एक धडा मला माझ्या आईने दिला. ती डॉक्टर नव्हती. ती लालबागच्या एका कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात होती.

गिरण्यांमध्ये बायका असत त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत. सुताच्या बोबीनवरून मोठ्या कोनवर सूत गुंडाळायचं, मध्ये तुटलं की दोन्ही टोकं पकडून गाठ मारायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. भोंगा वाजल्यापासून पाळी सुटेपर्यंत आईच्या बोटांना हेच काम. ती मारायची ती विणकराची गाठ. बारीक, चपटी, फणीतून आणि वहीतून अडखळल्याशिवाय जाणारी. घरी भाजीची जुडी सोडवतानासुद्धा तिची बोटं सवयीने त्या दोऱ्याला गाठ मारून ठेवत.

आता १९७७ सालात येऊ. मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात शिकाऊ सर्जन होतो. पन्नाशीचे एक साचेवाले गिरणी कामगार पोटातला व्रण फुटून दाखल झाले होते. रात्री ऑपरेशन झालं. वरिष्ठांनी आतलं काम केलं आणि पोट बंद करायला मला सांगितलं. मी जीव ओतून टाके घातले. घट्ट, एकसारखे, कडेला अगदी लगटून. धागा कमी लागला याचंही मला कौतुक वाटलं. काकांचा ताप उतरला, ते पेज घेऊ लागले. पण वर्षानुवर्षं कापसाची धूळ आणि विडी यांनी छाती भरलेली. खोकला थांबेना. आठव्या दिवशी सकाळी पट्टी गुलाबी पाण्याने भिजलेली दिसली. त्या गुलाबी पाण्याचा अर्थ प्रत्येक सर्जनला ठाऊक असतो. आतली शिवण सुटली होती. दुपारपर्यंत आतडी पट्टीखाली आली होती.

पुन्हा थिएटर. जाड नायलॉनचे आरपार टाके, त्यांखाली रबरी नळीचे तुकडे. काका वाचले. वरिष्ठ म्हणाले, "धागा निकृष्ट होता." कुणाचंच मन दुखावू नये असा तो निष्कर्ष होता. पण जखम उघडली तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं होतं. धागा अखंड होता. गाठीही जागच्या जागी होत्या.

घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अरे, मग धागा कुठे तुटला? कापड फाटलं."

त्या वाक्याने माझी झोप उडवली. पुढच्या रविवारी मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून मुदत संपलेले धागे आणले. रेशीम, नायलॉन, लिननचं रीळ. चाळीच्या गॅलरीत डालडाचा रिकामा डबा टांगायचा, त्यात फुलपात्राने पाणी ओतत जायचं आणि कितव्या फुलपात्राला धागा तुटतो ते वहीत लिहायचं, असा आमचा बेत. मी धाग्याचं टोक कठड्याच्या गजाला गाठ मारून बांधलं. आईने ते सोडवायला लावलं. "टोकाला गाठ मारलीस तर तू धागा मोजत नाहीस, ती गाठ मोजतोस. गजाला चार-पाच वेढे दे." गिरणीच्या टेस्टिंग खात्यात तिने हे पाहिलं होतं. वेढे दिले की ताण हळूहळू वाटला जातो आणि धागा मध्येच कुठेतरी, स्वतःच्या खऱ्या ताकदीला तुटतो.

त्या एका दुपारी तीन गोष्टी कळल्या. पहिली, मध्ये गाठ असलेला धागा बिनगाठीच्या धाग्यापेक्षा बऱ्याच आधी तुटतो आणि तो बहुधा गाठीला लागूनच तुटतो. गाठीत धागा एकदम वळतो, त्याच्या बाहेरच्या बाजूवर जास्तीचा ताण येतो. दुसरी, लिनन भिजवलं की जास्त पेलतं आणि रेशीम भिजवलं की कमी. आईला याचं नवल वाटलं नाही. सुताला दमट हवा मानवते म्हणूनच तर खात्यात पाण्याचे फवारे सोडून त्यांना घामाघूम करत. माणसाचं पोट आतून ओलंच असतं, तेव्हा कोरड्या धाग्याची ताकद मोजून काय उपयोग? तिसरी गोष्ट आईला शिकवणारी होती. तिची विणकर गाठ सुतावर पक्की बसली, पण नायलॉनवर सरकली. डबा खाली पडला, शेजारचे धावत आले. गुळगुळीत धाग्याला जास्त फेऱ्यांची गाठ लागते, हे आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. आई म्हणाली, "टेरिलीन आलं तेव्हा आमच्याकडेही हाच घोळ झाला होता."

श्रोतेहो, आता थोडं मागे जाऊ या. कारण कापडावर टाके तपासणारे आम्ही मायलेक काही पहिले नव्हतो.

सुश्रुतसंहितेत शिष्याने सराव कसा करावा याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. टाके घालण्याचा सराव बारीक विणीच्या जाड कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर करावा, असं तिथे सांगितलं आहे. टाक्यांचे चार प्रकार दिले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. यातलं तुन्नसेवनी म्हणजे रफू. तागासारख्या वाखाचे, अळशीचे, स्नायूंचे, केसांचे असे धागे सांगितले आहेत. सांध्यांसाठी, मांसल भागासाठी आणि पोटासारख्या नाजूक जागेसाठी वेगवेगळ्या सुया आहेत आणि पोटासाठीची सुई धनुष्यासारखी वाकडी आहे. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती अंतराची सूचना. टाके फार लांब घेतले तर जखमेच्या ओठांना पीडा होते, फार जवळ घेतले तर ते फाटून निघतात. सुश्रुताने किती बोटं ते सांगितलं नाही. पण कमजोर दुवा धाग्यात नसून कडेत असतो, हे त्या सूचनेत आहेच.

दुसरं उदाहरण पुण्याजवळचं. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका मराठी कारागिराने कपाळाची कातडी फिरवून त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ते छापून आलं. त्या वर्णनात एक तपशील आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. नाक जागेवर धरून ठेवलं होतं ते काथाच्या लेपाने. आपल्या विड्याचाच काथ. तो कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या एकावर एक ठेवल्या होत्या. हे कसं टिकलं? कारण कपाळावरून वळवलेल्या कातडीवर ओढच नव्हती. जिथे ताण नाही तिथे ताकदही फारशी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात गुंगीचं औषध आणि लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आली आणि पोट उघडण्याची भीती कमी झाली. लिस्टरने कार्बोलिक ॲसिडमध्ये मुरवलेलं कॅटगट वापरात आणलं. जनावराच्या आतड्यापासून केलेला हा धागा शरीरात विरघळतो. मी शिकत होतो तेव्हाही काचेच्या बंद नळ्यांत, द्रवात बुडवलेलं कॅटगट येत असे. पण धागा विरघळत असताना जखम किती भरली आहे, हे कुणी मोजलं होतं? ते अमेरिकेत हाउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये मोजलं. प्राण्यांच्या भरत आलेल्या जखमा ठरावीक दिवसांनी ताणून त्या किती ओढीला उघडतात ते त्यांनी पाहिलं. निष्कर्ष असा की पहिले चार-पाच दिवस जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसतेच. सगळा भार टाक्यावर. त्यानंतर ती वाढू लागते. आज आपण जाणतो की पोटाच्या पांढऱ्या पडद्याला निम्मी ताकद परत मिळवायलाच सुमारे दोन महिने लागतात. साधं कॅटगट आठ-दहा दिवसांत ढिलं पडतं. म्हणजे पोटाच्या पडद्यासाठी ते पुरेसं नाही, हे साध्या हिशोबानेही कळतं.

त्याच काळात, आपल्या माटुंग्यात, सूत मोजलं जात होतं. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ मध्ये तिथे तंत्रशाळा काढली. तीच आजची 'सिरकॉट' ही संस्था. देशभरातला कापूस तिथे कातून त्याच्या सुताची ताकद तपासली जाई. दीड वार परिघाच्या चरख्यावर ऐंशी फेरे घेतले की एकशेवीस वारांची लट होते. ती ताणून तोडायची आणि आकडा लिहायचा. तिकडे मँचेस्टरमध्ये पिअर्स या संशोधकाने १९२६ मध्ये एक नियम मांडला. लांब धाग्याची ताकद त्याच्या सरासरीवर ठरत नाही, त्यातल्या सर्वांत दुबळ्या जागेवर ठरते. परळच्या रुग्णालयांपासून माटुंगा किती लांब? बसने वीस मिनिटं. पण शिकण्याच्या वर्षांत मला तिथे कुणी पाठवलं नाही आणि मलाही जावंसं सुचलं नाही.

फ्रान्समध्ये मात्र असं कुणीतरी गेलं होतं. लिआँ हे रेशमी कापडाचं शहर, त्यांचं लालबागच म्हणा. तिथे १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना भोसकलं गेलं. तुटलेली मोठी रक्तवाहिनी शिवायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं आणि ते गेले. ॲलेक्सिस कॅरेल त्या वेळी तिथे वैद्यकाचा तरुण विद्यार्थी होता. घराणं कापडाच्या धंद्यातलं. त्याने शहरातल्या एका नाणावलेल्या भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुईचं काम शिकून घेतलं. नळीचं गोल तोंड तीन टाक्यांनी ताणून त्रिकोणी करायचं, मग तीन सरळ कडा शिवायच्या, ही त्याची युक्ती १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

त्या शिवणीची वाट परळपर्यंत आली. १९२६ मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका सोडल्या तर जगात तोवर ते कुठेच झालं नव्हतं. रुग्ण काही तासच जगला. पण गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत शिवलं गेलं, ही गोष्ट आम्हा पोरांना पुढे कितीतरी वर्षं पुरली. माझ्यासारखा चाळीतला मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणाला त्यात तिचाही वाटा होता.

आता पुन्हा माझ्या काकांच्या पोटाकडे. डालडाच्या डब्याचा दुसरा भाग कापडाचा होता. मांजरपाटाचे दोन तुकडे मी दोन तऱ्हांनी जोडले. एक कडेला लगटून, दुसरा थोडा आत घेऊन. लगटून घातलेले टाके धागा शाबूत ठेवून कापडाचे उभे-आडवे दोरे ओढत बाहेर आले. आत घेतलेले टिकले. मी हे टिपण मोठ्या उत्साहाने रुग्णालयात नेलं. एका सरांनी हसून बाजूला ठेवलं. दुसऱ्यांनी मात्र मला ग्रंथालयात पाठवलं आणि नुकताच आलेला एक लेख वाचायला सांगितला.

तो इंग्लंडच्या जेंकिन्स यांचा १९७६ चा लेख होता. पोट फुगलं, रोगी खोकला की उभी जखम लांबते, जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत लांबू शकते. धागा मात्र तेवढाच राहतो. जादाचा धागा आत शिल्लक नसेल तर तो साबणाच्या वडीतून तार जावी तसा पडद्यातून कापत जातो. म्हणून जेंकिन्स यांनी हिशोब दिला: जखमेच्या लांबीच्या किमान चौपट धागा शिवणीत गेला पाहिजे. वीस सेंटिमीटरची जखम असेल तर ऐंशी सेंटिमीटर धागा. मला आठवलं, धागा कमी लागला म्हणून मी स्वतःवर खूश झालो होतो. दोष माझ्या हातातच होता. काकांना मी हे सांगितलं का? नाही. तेव्हा धीर झाला नाही. ते पुढे पोटाला पट्टा बांधून बाह्य रुग्ण विभागात येत. शिवण भरली, पण पोटात हर्निया राहिला. जड बीम उचलवेना, साचा सुटला. "डॉक्टर, तुम्ही वाचवलंत," असं ते दर वेळी म्हणत आणि दर वेळी माझी मान खाली जाई.

मधल्या काळात धागे सुधारले. १९७० नंतर शरीरात ठरल्या वेळी विरघळणारे कृत्रिम धागे आले. हाताच्या शस्त्रक्रियेत तुटलेला कंडरा जोडताना किती धागे फट ओलांडून जातात यावर ताकद ठरते हे मोजलं गेलं. दोनऐवजी चार धागे ओलांडले तर ताकद साधारण दुप्पट होते. यंत्रात बोटं गमावणाऱ्या या वस्तीला त्याचं मोल सांगायला नको. पोटाच्या बाबतीत स्वीडनच्या सर्जननी जेंकिन्सचा हिशोब पुढे नेला. मग नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर तुलना झाली आणि २०१५ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. एका गटात कडेपासून एक सेंटिमीटर आत आणि एकेक सेंटिमीटरवर मोठे टाके. दुसऱ्यात फक्त पांढरा पडदा पकडून, पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके. वर्षभराने पहिल्या गटात २१ टक्के रुग्णांना हर्निया, दुसऱ्यात १३ टक्के. मग माझ्या लगटून घातलेल्या टाक्यांचं काय चुकलं? टाका लहान असण्यात चूक नव्हती. ते कडेला अगदीच चिकटून, करकचून ओढलेले होते आणि चौपट धागा त्यांत गेलाच नव्हता. बारीक टाके जास्त असतात, धागा जास्त जातो आणि ओढ अनेक जागी वाटली जाते. आईचे गजावरचे चार-पाच वेढे हेच सांगत होते.

आणि ज्यांना हर्निया झालाच, त्यांच्यासाठी जाळीचं ठिगळ आलं. कापड जीर्ण झालं की टाका कितीही चांगला घाला, शेवटी ठिगळच लागतं. ही विलायती जाळी गरिबाला परवडत नसे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांचे सहकारी यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुष्कळांनी नाकं मुरडली. पुढे युगांडातल्या तीनशेच्या आसपास पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर दोन्हींत फारसा फरक नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आईचं वाइंडिंग खातं पुन्हा उघडलं नाही. तिने घरात खानावळ घातली. त्याच सुमारास जगभर वाइंडिंगच्या यंत्रांत हवेच्या झोताने सुताची टोकं एकमेकांत गुंतवण्याची सोय आली, गाठीची गरजच संपली. आमच्याकडेही आता काटेरी धागा आला आहे, त्याला गाठ लागत नाही. आईला तो दाखवायचा राहून गेला.

मी शिकवत होतो तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांना एक सवय लावली. पोट बंद झालं की उरलेला धागा बादलीत फेकायचा नाही. तो आधी पट्टीवर ठेवायचा. किती घेतला होता, किती उरला, किती आत गेला आणि जखम केवढी होती, हे कागदावर लिहायचं. चौपट भरला नाही तर कारण सांगायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिल्यांदा मुलं कंटाळत. मग मी त्यांना काकांची गोष्ट सांगत असे, दोष कुणाचा होता त्यासकट. धागा निकृष्ट होता असं म्हणायला पट्टी लागत नाही. खरं काय झालं ते बघायला लागते.